सगळ्यांले मंजूर, सकूबाईले नाही

लाखांदूरच्या पुढं आमचं लहानसं गाव. मी तिथल्या ग्रामपंचायतीत कम्प्युटर ऑपरेटर. ग्रामसभेचे किस्से इतके साठलेत की डोक्यात जागा उरली नाही! त्यातल्या बहुतेकांत सकूबाई असतेच. तलावाखाली धानाची एक बांधी एवढंच शेत, घरी एकटी, आवाज मात्र अख्ख्या गावाचा!

*

आमच्याकडे ‘मंजूर’ म्हणायची भारी घाई. सरपंच डोमाजीभाऊ नुसते खाकरले तरी हात वर होतात. बाहेर चहा उकळत असतो ना! एकदा भाऊंनी विचारलं, “सगळ्यांले मंजूर?”

“मंजूर!”

मागून सकूबाई, “मले नाही!”

“काहून वो बाई?”

“विषय तं सांगा अगोदर!”

भाऊंनी हातातला कागद पाहिला. खरंच, विषय वाचायचाच राहिला होता.

*

तुलाराम म्हणजे आमच्या दंडारीतला, गावच्या लोकनाट्यातला नट. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याच्या नकला बघायला गावोगावचे लोक येतात. सभेत मात्र सकूबाई उठली की हा ओरडणार, “बस खाली!”

एकदा ती खरंच बसली. सगळे हसले.

“बसली. आता आयक!” म्हणाली, आणि बसल्या बसल्या असं सुनावलं की बाहेरचा चहा गार झाला.

*

मग भाऊंनी आयडिया केली. ऐन रोवण्याच्या दिवसांत सभा ठेवली. बाया सगळ्या चिखलात धान लावत असणार, सकूबाई येते कशाला!

ती आली. सोबत रोवण्याची अख्खी टोळी, गुडघ्यापर्यंत चिखल! नव्या टाइल्सवर पाऊलखुणा बघून भाऊ कळवळले, “अवो, पाय तं धुवून या!”

“पाय धुवाले गेलो तं तुमी मंजूर करून टाकान!”

*

भंडाऱ्याहून एक साहेब हक्कांवर भाषण द्यायला आले होते. बोलता बोलता त्यांनी लोकांना विचारलं, “हक्क म्हणजे काय?” कोणी म्हणालं राशन, कोणी म्हणालं घरकुल.

सकूबाई म्हणाली, “साऱ्या गावानं येडी म्हटलं तरी मले माह्या जागेवरून कोनी उठवू नाही शकत, थो हक!”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि तसेच उभे राहिले. बाई त्यांच्याच खुर्चीवर बसली होती!

*

आता यंदाचं सांगतो. तुलारामनं गावच्या वॉट्सॲप ग्रुपवर डोमाजीभाऊंची नक्कल टाकली. गाव पोट धरून हसलं. भाऊ मात्र चिडले, आणि भाऊ चिडले की गावालाही चिडावं लागतं. सभेत ठराव आला: तुलाराम माफी मागत नाही तोवर तलावाचं पाणी त्याच्या बांधीत सोडायचं नाही. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. अशात पाणी तुटलं की पीक गेलंच समजा.

“सगळ्यांले मंजूर?”

“मंजूर!”

सगळ्यांत मोठा आवाज तुलारामचा! बिचारा सवयीनं ओरडून गेला. ठराव आपल्याच विरुद्ध आहे हे कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. इकडं तिकडं बघितलं, तर शेजारी बसलेलेसुद्धा सरकून बसले होते.

सकूबाई उठली. “मले नाही.”

भाऊ वैतागले. “अवो, ज्याचं पाणी तुटते थोच मंजूर म्हणून रायला! तुले काय त्याचं?”

“तलावाखालच्या हरेक बांधीचा पाण्यावर हक हाये. नक्कल केली म्हणून तोडाले थे का तुमच्या घरचं पाणी हाये?”

आपण या गावात जन्मलो याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. रोवण्याच्या टोळीतल्या बायाही उठल्या.

भाऊंनी शेवटचा प्रयत्न केला. “बाई, हाच तुलाराम तुले दर सभेत बोलू देत नाही. इसरली काय?”

“नाही इसरली. थो उद्याबी माह्यासंग भांडन. तुमी पाणी आज सोडा.”