टीमच्या कागदावरचं नाव

जुन्या नाशकातला हनीफ सहा दिवस पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवायंड करायचा आणि रविवारी माइकचा राजा असायचा. टेनिसबॉल स्पर्धा ओझरची असो की मनमाडची, कॉमेंट्रीला अठरा वर्षं हनीफच. त्याने खेळाडूंना दिलेली टोपणनावं कायमची चिकटायची. पेठहून येणाऱ्या काळ्याभोर फास्ट बोलरला त्याने आठ वर्षांपूर्वी ‘डांबर’ करून टाकलं होतं.

गेल्या रविवारी तो माइकवर म्हणाला, “ऊन उतरलं! आता डांबरने दात दाखवले तरच बॅट्समनला दिसेल!” मैदान हसलं, पण क्लिप फिरली आणि हनीफवर शिव्यांचा पाऊस पडला. स्पर्धेचा सेक्रेटरी योगेश छापील कागद घेऊन घरी आला. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत.’

“फायनलच्या आधी एवढं वाचा, हनीफभाई. नाहीतर माइक दुसऱ्याकडे.”

हनीफ भडकलाच. “मी वर्णद्वेषी? मैदानाच्या आमच्या मोहल्ल्याकडच्या टोकाला तुम्ही ‘पाकिस्तान एंड’ म्हणता, माझ्यासमोर म्हणता! तेव्हा हा कागद कुठे होता रे?”

“गंमत असते हो ती.”

“मग माझीही गंमतच होती!”

योगेश गेला तरी हनीफची बडबड थांबेना. भाजी निवडणाऱ्या त्याच्या बायकोने, शहनाजने, मान वर केली.

“पाकिस्तान एंडला तुम्हीही हसला होतात. घरी येऊन दोन दिवस जेवला नाहीत, ते मी पाहिलंय.” मग शांतपणे विचारलं, “उस लड़के का नाम क्या है?”

“डांब...” हनीफ थांबला. खरं नाव त्याला माहीतच नव्हतं.

फायनलला तो आधी बाउंड्रीवर गेला. बोलर बुटाची नाडी बांधत होता.

“भाऊ, तुझं नाव काय?”

“आठ वर्सांनी इचारतोस?” तो उठलासुद्धा नाही. “मी नाय सांगणार. दर मॅचला टीमचा कागद तुझ्याच हातात असतो. वाच की!”

हनीफने कागद उघडला. सहाव्या नंबरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. त्याच्या कानशिलापर्यंत आग गेली, आणि या वेळी ती योगेशवर नव्हती.

माइक हातात घेऊन तो म्हणाला, “सावळीराम चिमाजी भोये. आठ वर्षं मी याला डांबर म्हटलं. ‘कोणाच्या भावना’ वगैरे नाही, याचा अपमान केला. मी केला. आणि त्या टोकाला पाकिस्तान म्हणून हसणाऱ्या मंडळानेही आपापलं बघावं.”

“डांबर! डांबर!” मंडपातून ओरडा झाला.

“ज्याला तसं ओरडायचंय त्याने वर यावं, माझ्यासमोर ओरडावं!”

योगेश दातओठ खात कानाशी आला. “पुढच्या स्पर्धेला येऊ नका.”

“नाही येत. याच्या पहिल्या ओव्हरची कॉमेंट्री तरी करू दे.”

सहाही चेंडूंना हनीफने पूर्ण नाव घेतलं. सावळीरामने दोन विकेट काढल्या. माइककडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.