हात लागला, बाद

“हात लागला. बाद.”

हा निकाल आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी लागायचा, आणि देणारा-घेणारा माणूस एकच असायचा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं, दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि कशाचाही आधार न घेता सरळ उठायचं. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. उठताना बोटाचं टोक खुर्चीच्या दांड्याला लागलं, तर तो स्वतःच स्वतःला बाद करायचा.

आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला आमची चार मजली इमारत आहे; ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मी तिथली सेक्रेटरी. पाणी, लिफ्ट, गच्ची, कचरा, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. आप्पा सिन्नरकडच्या एका दूध संकलन केंद्रावरून निवृत्त झालेले. गवळ्यांनी आणलेल्या दुधाला फॅट किती, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली.

आजार कळला तेव्हा लपवणं वगैरे भानगड नव्हती. “जन्मभर लोकांच्या दुधातलं फॅट मोजलं, सेक्रेटरीबाई. माझं लिव्हरात साचत होतं, ते कुणी मोजलं नाय.” आणि लगेच तर्जनी वर. “थेंब नाय घेतला, हां.”

लिव्हर म्हटलं की समोरच्याच्या मनात काय येतं, हे त्यांना ठाऊक होतं. नाशकात माणसानं द्राक्षं खाल्ली तरी लोक तोंडाचा वास घेतात, असं त्यांचं म्हणणं. कुरिअरवाल्यालासुद्धा सही करता करता “थेंब नाय” सांगून टाकायचे. तो बिचारा पाकिटाकडे बघायचा.

आता लिव्हर म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे पथ्य, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मी वारांप्रमाणे घरोघरी पाळी लावून दिली. सोमवारी पेज, मंगळवारी दुधीचं पाणी, बुधवारी उसाचा रस. डाळ जड म्हणून बंद, दही थंड म्हणून बंद. योजना इतकी सुरळीत चालली की आप्पांचं मनगटी घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे दंड चाचपले आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारलं, “यांना घरी जेवायला देत नाहीत का?”

“अख्खी बिल्डिंग देते,” काकू म्हणाल्या.

त्या दिवशी दुधीचं पाणी बंद झालं. डाळ, उसळ, अंडं, पनीर, दही सुरू झालं. शिवाय रात्री झोपण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, असा हुकूम होता. काकूंचा गुरुवार असो की चतुर्थी, आप्पा दहा वाजता दूध-भाकरी घेऊन बसायचे. “मी उपाशी झोपलो ना, की रात्रभर अंग माझ्याच मांड्या खातं.” शेजारच्या मुलींनी हे ऐकून डाएट सोडलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आप्पांनी आम्हाला दुधाच्या भाषेत समजावलं. “आतड्यात जंतूंच्या दोन पार्ट्या हायत. एक दही लावणारी, एक दूध नासवणारी. लिव्हर म्हणजे गाळणी. माझी गाळणी फाटली. नासवणाऱ्यांची घाण आता तशीच रक्तात जाते, तिथनं डोक्यात. मांड्यात मांस असलं तर ते थोडी घाण पचवून टाकतं. पण ही पार्टी मांसबी झिजवते. म्हणून वरनं खुराक, खालनं सिरप, आन मधी कवायत.” सिरप म्हणजे दिवसातून दोन-तीनदा पोट साफ करणारं औषध. दह्यानं आजार बरा होईल असं डॉक्टर म्हणालेच नव्हते. “नसू दे. आपल्या पार्टीला कार्यकर्ते कमी पडायला नकोत,” म्हणत आप्पा वाटी चाटूनपुसून घ्यायचे.

खुर्चीचा खटाटोप मात्र गमतीचा नव्हता. लिव्हर बदलणं हाच उपाय उरला होता, आणि एवढं मोठं ऑपरेशन सोसायला अंगात ताकद हवी. ती नसेल तर लिव्हरच्या प्रतीक्षायादीत नाव लावायला डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी इतर तपासण्यांबरोबर खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. आप्पांनी दुसऱ्याच वेळी दांडा धरला.

“तुमच्या सगळ्या याद्यांत हाय मी,” ते मला म्हणाले. “पाण्याच्या तक्रारवाल्यांत तर पयला. एवढी एक यादी ऱ्हायली.”

तेव्हापासून ते जिथे खुर्ची दिसेल तिथे उठबस करायचे. बँकेत, केशकर्तनालयात, एका साखरपुड्यात तर पहिल्या रांगेत. आमच्या वार्षिक सभेत गच्चीवर वाळवण घालायला बंदी करावी, असा ठराव होता. चेअरमन म्हणाले, बाजूने असतील त्यांनी उभं राहा. आप्पा उभे राहिले. मग विरोधात असतील त्यांनी उभं राहा. आप्पा पुन्हा उभे राहिले.

“आप्पा, एका बाजूला राहा,” चेअरमन वैतागले.

“मी कुठल्याच बाजूला नाय. माझे अजून तीन बाकी हायत.”

ठराव बारगळला. पापड आजही गच्चीवर असतात.

एकदा पुतण्याच्या लग्नाला सिन्नरला जायचं म्हणून त्यांनी दोन दिवस गुपचूप सिरप बंद ठेवलं. एसटी मधेच कुठे थांबवायची, हा त्यांचा सवाल. लग्नाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिफ्टमध्ये शिरले, तर आत आप्पा. वीसची नोट पुढे करून म्हणाले, “एक सिन्नर.”

मी हसले. कंडक्टरच्या सुरात म्हटलं, “चला, पुढे सरका.”

ते खरंच पुढे सरकले. आरशाला नाक टेकेपर्यंत.

मी दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. काकूंनी दारातच त्यांना हात पुढे धरायला लावले. पंजे पाखरासारखे फडफडत होते. “सिरप चुकवलं,” काकू म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. हॉस्पिटलात डोकं ताळ्यावर आल्यावर आप्पांनी मला पहिलं काय विचारलं असेल? “तिकीट फाडलं का?”

त्यानंतर आमच्या इमारतीत “जेवलात का” मागे पडलं. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे आप्पांना एकच विचारायचे, “सिरप झालं?” ते बोटांनी सांगायचे, किती वेळा जाऊन आलो ते.

पावसाळा संपता संपता पुन्हा परीक्षा झाली. मी घरी डबे लावत होते, तेवढ्यात फोन आला.

“लागलं नाव.”

“आणि हात?”

“नाय लागला.”

आवाज पोरगं पहिलं आल्यासारखा. संध्याकाळी त्यांनी घरोघरी पेढे दिले, आणि प्रत्येकाच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीतून एकेकदा उठून दाखवलं.

मग ते फोनची वाट बघायला लागले. कुणाचं लिव्हर मिळालं तर रात्री-बेरात्री कधीही बोलावणं येईल, म्हणून बॅग भरून दाराशी ठेवली. फोन यायचे ते कर्ज देणाऱ्यांचे. तरी आप्पा प्रत्येक फोन खुर्चीतून उठून, हात न लावता उठून, घ्यायचे. “थेंब नाय घेतला कधी,” असं त्यांनी एका कर्जवाल्या पोरीलाही सांगितलं. तिने त्यांना जास्त कर्ज देऊ केलं.

थंडीत त्यांच्या पोटात पाणी झालं आणि त्या पाण्यात जंतू शिरले. मी भेटायला गेले तर म्हणाले, “नासवणारी पार्टी लय जोरात हाय, सेक्रेटरीबाई.” आठवड्याच्या आत आप्पा गेले. हवा होता तो फोन आलाच नाही.

पुढची सभा पार्किंगमध्येच झाली. विषयपत्रिकेत मी श्रद्धांजली पहिल्या क्रमांकाला घेतली होती. काकू खाली येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. चेअरमन म्हणाले, “आप्पांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहू या.”

खुर्च्या सरकल्या. आम्ही उठलो. तिसऱ्या मजल्यावरचे जाधव अंगाने भारी; त्यांनी दांड्यावर हात टेकवला आणि कण्हत उभे राहिले.

मागून काकूंचा आवाज आला. “हात लागला, भाऊजी. बाद.”

कुणाला हसावं की काय करावं कळेना. जाधव मात्र खाली बसले. दोन्ही हात छातीवर दुमडले, पाय रोवले आणि एकदा मागे पडून दुसऱ्यांदा उठले.

मी उठताना हात लावला होता की नाही, मला आठवेना. विषयपत्रिका जमिनीवर ठेवली आणि पुन्हा बसले.