धुतलेल्या चटया

केशरबाईंनी चटया धुतल्या, आणि अशातशा नाही धुतल्या. आधी पाइप लावून, मग ब्लीचिंग पावडरमध्ये भिजवून, शेवटी मोरीतल्या जाड ब्रशने रगडून. काळ्या, बुळबुळीत, नाक मुरडावं अशा त्या माशांच्या हौदातल्या फिल्टरच्या चटया दुपारी दोरीवर निळ्याशार लटकत होत्या. जगनराव टेम्पोतून उतरले, मागच्या दारी आले आणि दोरीकडे बघून पायरीवर मटकन बसले.

"काय झालं? चक्कर आली का?"

"तू ह्या चटया धुतल्यास?"

"मग? दुसऱ्याच्या घरची घाण तशीच आपल्या हौदाला लावायची?"

"अगं बाई, ती घाणच तर आणलेली मी!"

बाहेर टेम्पोत सरोज सिस्टरांचे कोई जातीचे रंगीत मासे पिंपात उसळ्या मारत होते. त्यांचा जुना हौद सकाळीच उपसून झाला होता. परत न्यायचे म्हटले तरी नेणार कुठे?

केशरबाईंचा स्वच्छतेचा सोस समजून घ्यायचा तर विठ्ठलवाडीच्या चाळीपासून सुरुवात करावी लागेल. त्यांची आई भांडी अशी घासायची की हात दुखून रात्री झोप लागत नसे. "लोक आपल्या घरात आले की आधी कोपरे बघतात, केशर. एकही कोपरा त्यांच्या हाती द्यायचा नाही," असं ती म्हणायची. लोक म्हणजे कोण आणि आपलं घर म्हणजे कुठलं, हे लेकीला वेगळं सांगावं लागलं नाही. पुढे केशरबाई ठाण्याच्या एका इस्पितळात आया म्हणून लागल्या आणि नोकरीभर जंतू मारत राहिल्या. त्यांच्या वॉर्डातली फरशी बघायला दुसऱ्या वॉर्डातल्या नर्सा यायच्या.

त्या वॉर्डाच्या मुख्य सरोज सिस्टर. बाई कडक, पण मनाने चांगली. केशरबाईंच्या बाळंतपणात रजेसाठी वरिष्ठांशी भांडली होती. दोघींचं सगळं जुळायचं, फक्त डबा सोडून. केशरबाईंनी डबा पुढे केला की सिस्टरांचा उपास असायचा. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, बाकीच्या वारी पोट बरं नाही. इतके उपास देवांनाही माहीत नसतील. केशरबाईंनी पुढे विचारणंच सोडलं, आणि मनातलं मनात ठेवलं.

निवृत्तीनंतर सिस्टरांचा डोंबिवलीच्या एमआयडीसीतला बंगला बिल्डरकडे गेला. त्यांच्या वाट्याला ठाण्यात फ्लॅट आला, बाल्कनी कशीबशी तुळशीपुरती. बंगल्यामागे त्यांच्या यजमानांनी बांधलेला हौद होता. यजमान गेल्यावर सिस्टर त्या माशांशीच बोलायच्या, त्यातही टिकलीशी. टिकली म्हणजे पांढरीशुभ्र, हातभर लांब, कपाळावर लाल ठिपका असलेली मासोळी. "केशर, तू नेशील का? दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होत नाही," असं त्यांनी फोनवर विचारलं आणि केशरबाई हो म्हणून मोकळ्या झाल्या. हौद कुठे बांधायचा हे त्यांना फोन ठेवल्यावर सुचलं.

जागा होती. मानपाड्याच्या बैठ्या घरामागे पेरूखाली. जगनराव कंपनीत फिटर होते, त्यांना काम मिळाल्याचाच आनंद. खड्डा खणला, सिमेंट केलं, पाणी भरून मुरवलं, उपसून टाकलं, पुन्हा भरलं. घोडं अडलं ते फिल्टरपाशी. ठाण्यातल्या दुकानदाराने एक बंद डबा दाखवला. आत जंतू मारणारा दिवा, बाहेर एक बटण, हात म्हणून लावायला नको. केशरबाईंना तो बघताक्षणी आवडला. पण सिस्टरांनी जगनरावांना स्पष्ट सांगितलं, "एवढ्या मोठ्या माशांना तो डबा पुरायचा नाही, आठवड्यात तुंबेल. दोन उघडी पिंपं करा. पहिल्यात गाळ बसू दे, दुसऱ्यात चटया. आणि चटया माझ्याच न्या. त्यांच्यावर जे जिवाणू वाढलेत, तेच माशांच्या मुताचं विष पचवतात. नवे वाढायला महिना जातो."

जगनरावांनी सगळं ऐकलं, पिंपं बसवली, पाइप जोडले, चटया आणून मागच्या दारी ठेवल्या. बायकोला तेवढं सांगायचं राहून गेलं. नवऱ्यांचं असंच असतं.

मासे हौदात सोडावेच लागले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. जगनरावांनी तपासायच्या बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. विष साचत होतं. मुरवून ठेवलेलं पिंपभर पाणी बदललं, हवेचा पंप लावला. दुपारी पुन्हा हिरवं. नळाचं पाणी घालावं तर त्यात क्लोरीन, म्हणजे आगीतून फुफाट्यात. संध्याकाळी पिवळा मासा आडवा तरंगताना सापडला. टिकली तळाशी जाऊन बसली होती, पर अंगाला चिकटवून, आणि तिच्या कपाळावरचा ठिपका फिकट दिसत होता.

"सिस्टरांना सांगू नकोस," जगनराव हळूच म्हणाले. "जागा बदलली की मासे मरतात. कोण विचारणार?"

कुणीच विचारणार नव्हतं, हे केशरबाईंनाही ठाऊक होतं. पण सिस्टर मनात काय म्हणतील? त्यांच्या घरी दिले आणि दोन दिवसांत मेले. त्यांच्या घरी. हा एक शब्द कानावर पडू नये म्हणून आईने हात झिजवले होते, आपण झिजवले, आणि तोच शब्द आता आपण घासून-पुसून तयार केला. केशरबाईंना रडू फुटलं. मोठ्याने रडल्या, पदर तोंडात न कोंबता. मग तोंड धुतलं आणि फोन लावला.

"सिस्टर, मी चटया धुतल्या. ब्लीचिंगने."

सिस्टरांनी आधी एकच विचारलं.

"टिकली आहे?"

"आहे. पण बसून आहे."

"सकाळी बंगल्यावर ये. फिल्टरच्या खड्ड्यात खालच्या कप्प्यातल्या चटया तशाच आहेत, तेवढ्यापुरता पंप चालू आहे. वीज तोडायला माणूस उद्याच यायचाय. त्याच्या आधी ये."

केशरबाई उजाडताच रिक्षाने पोचल्या. फाटकाशी पत्रे लावलेले, आत सामानाचे खोके. सिस्टर मागे फिल्टरच्या खड्ड्याशी उभ्या होत्या, साडी खोचून. केशरबाईंनी मान वर केली नाही. बादली पुढे केली. सिस्टरांनी ती नाकाशी नेली.

"फिनेलची?"

"धुऊन आणलीये, सिस्टर. तीनदा."

"तुझं धुणं माहीत आहे मला. वास आहे अजून." सिस्टर आत गेल्या आणि खोका फाडून पितळेचं मोठं पातेलं घेऊन आल्या. आतून कल्हई लावलेलं.

"अहो, हे तुमचं दुधाचं!"

"मग काय झालं? विरजणाचं भांडं कधी ब्लीचिंगने धुतेस का? हे विरजणच आहे, केशर. एवढंसं लागतं, पण जिवंत लागतं."

तेवढ्यात फाटकावरून हाक आली. वीजवाला आला होता. "पाच मिनिटं थांब रे बाबा!" सिस्टर ओरडल्या आणि सत्तरीची ती बाई गुडघे टेकून खड्ड्यात वाकली. केशरबाईही वाकल्या. दोघींनी काळ्या, गळक्या चटया हातांनी उचलून पातेल्यात दाबल्या, वर ओंजळींनी गाळ घातला. चिखल कोपरापर्यंत आला होता. पंप बंद पडला तेव्हा शेवटची चटई केशरबाईंच्या हातात होती.

रिक्षात पातेलं मांडीवर धरून त्या बसल्या. साडीवर काळं पाणी झिरपत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढचे दिवस जिवाला घोर होता. बाटली हिरवी, मग किंचित फिकी, मग पुन्हा हिरवी. केशरबाई सकाळी चहाच्या आधी हौदाशी जायच्या. आणखी एक छोटा मासा गेला. मग एका सकाळी टिकली पेरूच्या सावलीत वर आली आणि केशरबाईंच्या बोटाशी तोंड लावून गेली. बाटली पिवळी होती.

सिस्टर ठाण्याहून बघायला आल्या तेव्हा पातेलं परत द्यायचं होतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यायची रीत नाही. केशरबाईंचं सकाळपासून तेच चाललं होतं, आत घालायचं काय? शिजवलेलं काही घातलं तर उपास निघेल. शेवटी त्यांनी तांदूळ घातले. कोऱ्या तांदळाला कुणी नाही म्हणत नाही.

सिस्टर टिकलीशी पुष्कळ बोलल्या, डोळे पुसले, मग पातेल्यात डोकावल्या. आत तांदूळ होते. केशरबाईंकडे बघितलं, पुन्हा तांदळाकडे. म्हाताऱ्या चेहऱ्यावर लाज स्पष्ट दिसली.

"तांदूळ काढून घे, केशर. विरजण दे. तिकडे गेल्यापासून माझं दही लागत नाहीये."

केशरबाईंनी तांदूळ काढून घेतले आणि आतून दह्याचं भांडं आणलं. चमच्याने पातेल्याच्या तळाशी थोडं घातलं.

"अजून एक चमचा दे," सिस्टरांनी तळहात पुढे केला. "इथे, हातावर. आज उपास नाही."