सहीशिवाय रुमाल हलणार नाही

मामांच्या कबरीवर तीन मुठी माती टाकून आलो, त्याला महिना झाला. पुस्तक उघडतो आणि त्याच पानावर राहतो. म्हणून हे लिहायला घेतलं. रोज चार ओळी होतात.

मामा शिरूरकडच्या एका सरकारी कचेरीत दप्तर सांभाळायचे. कचेरी कोणती ते लिहीत नाही. नातं काही नव्हतं. त्यांना सगळेच मामा म्हणत. मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून. दुपारच्या सुट्टीत वाचत बसायचो, म्हणून त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं होतं. जुने कागद लाल फडक्यात बांधून फळ्यांवर रचलेले असत. त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणायचो. दप्तरखान्याची किल्ली मामांच्या कमरेला असे आणि त्यांचा नियम एकच: वहीत सही केल्याशिवाय रुमाल उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

पुण्यात पूर येऊन गेला, त्यानंतरची ही गोष्ट. तिथल्या कचेऱ्यांतले कागद म्हणे दोरीवर वाळत घातले होते. मग हुकूम निघाला आणि आपत्तीत दप्तर कसं वाचवायचं ते शिकवायला एक साहेब गावोगाव फिरू लागले. आमच्याकडे ते जीपमधून उतरले ते खुशीतच. ड्रायव्हरला म्हणाले, "बैठक सुधारलीस रे. आज धक्के बसले नाहीत."

सकाळी धडा झाला. जमिनीचे फेरफार आणि जन्ममृत्यूच्या नोंदी आधी बाहेर काढायच्या, सुरक्षित जागी ठेवायच्या. रजेचे अर्ज जळाले तरी चालतील. यावर शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

"काल दौंडकडच्या कचेरीत अकरा मिनिटांत खोली रिकामी झाली," साहेब म्हणाले. "बघू तुमचं."

त्यांनी शिट्टी फुंकली. "आग! आग!"

तलाठी, शिपाई आत घुसले. पहिला तलाठी दोन खांद्यांवर दोन रुमाल घेऊन दाराशी आला आणि थांबला. दारात आडवी खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन मामा बसले होते.

"सही करा, आप्पा."

"मामा, आग लागलीय!"

"कळलं की. हितं करा. तारीख बी घाला."

मागे रांग लागली. रांगेत कंटाळून एकाने बिडी पेटवली, तशी मामांनी आरोळी ठोकली, "ए, दप्तरखान्यापाशी बिडी? आग लावतोस व्हय!"

साहेब घड्याळ धरून लालबुंद झाले. "मामा, खरीच आग असती तर?"

"तर तारखा मी घातल्या असत्या, साहेब. सही त्येंचीच लागली असती."

खोली रिकामी व्हायला पावणेदोन तास लागले. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला. किल्ली संध्याकाळपर्यंत माझ्या ताब्यात द्यायची, आणि मामा टपालाच्या टेबलावर. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली होती. मामा कमरेची किल्ली सोडू लागले. हजारो रुमालांच्या गाठी सोडलेल्या त्या बोटांना ती एक गाठ सुटेना. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

तेवढ्यात दौंडकडचा एक शिपाई एसटीतून उतरून धापा टाकत आला.

"साहेब, वरवंडचा जन्ममृत्यूचा रुमाल घावंना. काल शिट्टीच्या येळंला भाईर काढल्याला."

"कोणी काढला?"

"समद्यांनीच काढलं. त्येच तर म्हाईत न्हाई."

गाठ तशीच ठेवून मामांनी विचारलं, "सुरक्षित जागी ठेवा म्हनले व्हते ना? मग तुमच्या आवारात काल समद्यात सुरक्षित जागा कंची व्हती?"

शिपायाने बराच विचार केला. मग त्याची नजर हळूहळू जीपकडे गेली.

रुमाल साहेबांच्या बैठकीच्या गादीखाली निघाला. साहेबांच्या जीपला कोण हात लावणार, असा कुणीतरी शहाणा विचार केला होता. अख्ख्या वरवंडच्या जन्ममृत्यूवर बसून साहेब शिरूरपर्यंत आले होते. मामांनी रुमाल झटकला, शिपायाच्या हाती दिला आणि वही पुढे केली.

"सही."

त्याने केली. साहेबांनी हुकमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "किल्ली राहू द्या," म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "मामा, या सह्या आधीच घेऊन ठेवता येतील का?"

पुढचे आठ दिवस मामा वही घेऊन हिंडले. कोणता रुमाल कोण उचलणार ते ठरवून माणसाला गाठत. "सोमवारी आग लागनार हाय, आज सही करा." सोमवारी साहेबांनी परत येऊन शिट्टी फुंकली आणि खोली चौदा मिनिटांत रिकामी झाली. साहेब म्हणाले, "दौंडपेक्षा तीन मिनिटं जास्त." मामा रुमाल मोजत होते. "एक बी कमी न्हाई," एवढंच बोलले.

दोन वर्षांनी ती गाठ त्यांनी स्वतः सोडली आणि किल्ली मला दिली. पोहोच म्हणून चिठ्ठीवर माझी सही घेतली. किल्ली अजून माझ्या कमरेला आहे.

माती देऊन आम्ही त्यांच्या घरी आलो, तेव्हा त्यांच्या सुनेने पत्र्याच्या पेटीतून ती चिठ्ठी काढली. "मामंजी म्हनले व्हते, ही तुमची तुमाला द्यायची." मी हात पुढे केला. तिने आधी एक वही पुढे केली.

"हितं सही करा, मास्तर."

सही केली. अंगणात आल्यावर आठवलं, तारीख राहिली. परत आत गेलो आणि घातली.