कडूबाच्या चिबडातला लसण्या

उंद्रीच्या कडूबाच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं याला मुद्दाम कडू नाव दिलं, दृष्ट लागू नये म्हणून. तो जगला. त्याच्या पाठीवर भगवान झाला तोवर तिची भीती गेली होती, त्यामुळं धाकट्याला देवाचं नाव मिळालं आणि पुढं गावानं त्याला राव लावला. कडूबाला कोणी कधी राव लावला नाही.

वडील गेल्यावर वाटणी झाली. नाल्याकाठचं खालचं वावर भगवानरावाकडं गेलं, वरचं कडूबाकडं. वरच्या वावराच्या मधोमध थाळीसारखा खोलगट तुकडा होता. वर काळी माती आणि हातभर खाली सपाट खडक. पावसाळ्यात तिथं घोटाभर पाणी साचायचं आणि दिवाळीपर्यंत हलायचं नाही. असल्या जमिनीला चिबड म्हणतात. "या चिबडाच्या बदल्यात मले नाल्याकाठची पट्टी दे," असं कडूबाचं म्हणणं, आणि "झाली ती वाटणी झाली," असं भगवानरावाचं. शब्दानं शब्द वाढला, प्रकरण बुलढाण्याच्या कोर्टात गेलं आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. कडूबाची बायको सोजराबाई आणि तिची जाऊ शालूबाई मात्र विहिरीवर रोज बोलत. त्यामुळं एका घरची खबर दुसऱ्या घरी पोचायची.

चिबडात ज्वारी पिवळी पडायची, कपाशीची पऱ्हाटी कुजायची. जोमानं यायचा तो एकटा लसण्या. गावातलं नाव ते. दिसायला कांद्याच्या रोपासारखा, गोल टोकदार पातींचा झुबका. बुडाशी पाती पांढऱ्या आणि पसरट, लसणाच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना धरून, आणि त्यांच्या खाली करडा गड्डा. लसणाचा वास मात्र नाही. पाणी असेपर्यंत पाती पाण्यात लवलवायच्या, पाणी ओसरलं की चिखलात उभ्या राहायच्या, मग वाळून नाहीशा व्हायच्या. उन्हाळ्यात पाहिलं तर नुसत्या भेगा. कडूबा दरवर्षी लसण्या उपटायचा आणि ढीग धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, टाकायचा. एकदा उन्हाळ्यात पऱ्हाट्या पसरून त्यानं तो तुकडा जाळूनही पाहिला. पुढच्या वर्षी लसण्या आणखी पसरलेला.

कोर्टाच्या एका तारखेला त्यानं चार झुबके गड्ड्यांसकट ओल्या फडक्यात बांधून बुलढाण्याला नेले. तारीख पुढं गेली. बाहेर चहा पिताना कोणीतरी सांगितलं, की हायस्कुलातले निजाम मास्तर झाडापाल्याचं शिकवतात, त्यांना दाखव. निजाम मास्तर कल्हईवाल्याचे चिरंजीव, नागपूरला कॉलेज करून आलेले.

"मास्तर, हे माराचं काही औषध असन तर सांगा," कडूबा म्हणाला.

मास्तरांनी एक झुबका बशीत धुतला आणि बराच वेळ नुसता फिरवून पाहिला. मग ब्लेडनं एक पात आडवी कापली.

"पाहा, आत चार नळ्या आहेत. हवेनं भरलेल्या. कडूबाभाऊ, हे गवत नाही. याले फूल येत नाही, बी धरत नाही. आता हे बूड पाहा."

प्रत्येक पातीच्या बुडाशी, आतल्या अंगाला, एक चपटी पिशवी होती. मास्तरांनी बाहेरच्या एका आणि आतल्या एका पातीची पिशवी सुईनं फोडून भिंग कडूबाच्या हातात दिलं. बाहेरच्या पातीतून चुन्याच्या कणीसारखे पांढरे दाणे निघाले. आतल्या पातीतून राखेसारखी बारीक भुकटी निघाली.

"हे दाणे मादीचे, ही भुकटी नराची. पाण्यात दोघांची गाठ पडली तर नवं रोप होते. नाही पडली तर चिखलात पडून राहते, पुढच्या पाण्याची वाट पाहत."

"अन् मी उपटून धुऱ्यावर फेकत होतो."

"त्या पिशव्या तिथंच सडल्या असतील, अन् पावसानं सारं परत वावरात नेलं असन. तुम्ही पेरणीच करत होते म्हणा ना."

"जाळलं तरी येते."

"गड्डा मातीखाली असते. वरच्या आगीचं त्याले काय?" मास्तर खुशीत आले होते. "आयसोइटीस म्हणतात याले. फार जुनं खानदान आहे. याच्या भाऊबंदांचे एके काळी ताडाएवढे झाडं होते. ते गाडल्या गेले अन् त्यायचा दगडी कोळसा झाला."

भाऊबंद हा शब्द कडूबाला आवडला नाही. "औषधाचं सांगा, मास्तर."

"औषध नाही. पाणी काढून टाका. चार महिने उभं पाणी नसलं, तर हे राहूच शकत नाही."

त्या उन्हाळ्यात कडूबा आणि सोजराबाई चर खोदायला लागले. सुरुवातीला माती होती, पुढं खडक लागला. कडूबा सबलीनं फोडायचा, सोजराबाई टोपल्यानं दगड उचलायची. तिच्या हाताची सालं निघाली, पण तिनंही काम सोडलं नाही. चिबडापासून खालच्या धुऱ्यापर्यंत चर गेला. पावसाळ्यात पाणी पडलं तसं वाहून गेलं. कडूबाच्या वावरात पहिल्यांदा मधोमध ज्वारी उभी राहिली. लसण्याचे इकडंतिकडं दोन-चार झुबके आले आणि आश्विनाआधीच वाळले.

त्याच्या पुढच्या श्रावणात एका सकाळी भगवानराव कडूबाच्या अंगणात येऊन उभा राहिला. वाटणीनंतर पहिल्यांदाच. त्याच्या मुठीत लसण्या होता.

"दादा, हे काय पेरलं माह्या वावरात?"

"मी पेरलं?"

"तुह्या धुऱ्याखाली पट्टाच्या पट्टा भरून राह्यला! आमच्या बापजन्मी तिथं हे नव्हतं. कोर्टात जमलं नाही म्हणून आता असे धंदे करतं काय?"

कडूबाही तापला. पण सोजराबाईनं मधे पडून सांगितलं, "भाऊजी, आधी जागा तर दाखवा. मंग भांडा."

तिघं वावरात गेले. चराचं पाणी धुऱ्यातून झिरपून भगवानरावाच्या बाजूला तुंबलं होतं, आणि गाळात लसण्या दाट उगवला होता. कडूबानं इळ्यानं एक झुबका कापला, बूड फाडलं आणि पांढरे दाणे तळहातावर घेतले. मास्तरांनी सांगितलं ते सगळं त्यानं भावाला जसंच्या तसं सांगितलं. नर, मादी, गड्डा, कोळसा. भगवानराव ऐकत होता. ऐकता ऐकता तो धुऱ्यावर टेकला.

"म्हंजे पाण्यासंगं आलं," तो म्हणाला.

"हाव. पाणी तुह्याकडं सोडताना मी इचार नाही केला, हे खरं."

कडूबाच्या निरोपावरून निजाम मास्तर पुढच्या सुट्टीला उंद्रीला आले. चिबडाच्या जागी ज्वारी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मले वाटलं नव्हतं तुम्ही इतक्या लवकर खोदसान," ते म्हणाले. "या बाजूनं मी कितीक डबके पाहिले. कुठंच सापडलं नाही हे. अन् माह्याच सल्ल्यानं इथलं गेलं. आता खालचंही तुम्ही काढसान."

"माणसानं पीक घेऊ नये काय, मास्तर?" भगवानरावानं विचारलं.

"घ्यावं ना. मी कुठं नाही म्हणतो?"

 मग भगवानरावच म्हणाला, की नाल्याजवळचं बरड अजून दोघांचं सामाईकच आहे, लसण्या तिथं नेऊन टाकू. तिथं नुसता खडक. बाकी जमिनीवरून दोघं भांडले, पण ते बरड मागायला कोणी गेलं नव्हतं. त्या खडकात एक उथळ खळगा होता. दोघा भावांनी चर धुऱ्याखालून पुढं नाल्यापर्यंत नेला आणि भगवानरावाच्या पट्ट्यातला गाळ गड्ड्यांसकट टोपल्यांनी त्या खळग्यात टाकला. मास्तरही चपला काढून चिखलात उतरले.

पहिल्या वर्षी तिथं फारच थोडं आलं. मग रानडुकरांनी गड्डे उकरून खाल्ले. कडूबानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, तेव्हा सोजराबाईनं त्याला चांगलं सुनावलं, "जलमभर उपटलं, अन् आता त्याले राखण!" कुंपणाआड लसण्या धरला. मास्तर दर श्रावणात येऊन पाहून जायचे. पुढं त्यांची अकोल्याला बदली झाली आणि येणं थांबलं.

कोर्टातला दावा भावांनी काढून घेतला. घरं वेगळीच राहिली, चुली वेगळ्याच राहिल्या, पण कडूबाच्या मुलीच्या लग्नाला मांडव भगवानरावाच्या दारात पडला. कडूबा वारला तो स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, तापानं. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या शेवटी भगवानराव फावडं घेऊन वरच्या वावरात जायचा आणि भावाचा चर वरपासून साफ करत खाली यायचा. शालूबाई भाकरी घेऊन जायची, आणि सोजराबाई त्याच्यासाठी धुऱ्यावर पाण्याचा माठ भरून ठेवायची.