गुप्त संघटनेचं सातवं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या तावडीतून सुटली, असं एकवीस वर्षांत घडलं नव्हतं. नाव ठेवणाऱ्यांनी ते कुचेष्टेनं ठेवलं आणि बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं. काम मात्र मुलखावेगळं होतं. लोक बोलतात ते ऐकायचं आणि एखादा शब्द वेगळ्या अर्थानं कानावर पडला की ते वाक्य कार्डावर उतरवायचं. खाली तीन ओळी: कोण बोललं, कुठे, कधी. या तीन ओळी नसतील तर कार्ड थेट केराच्या टोपलीत.

बाई हाडाच्या कार्डवाल्या. शेजारणींची भांडणं, बसच्या रांगेतली कुरबुर, भाजीवाल्याची टोलवाटोलवी, कुणी तोंड उघडलं की यांची पेन्सिल बाहेर. घरची माणसं तर हक्काचीच. "वहिनी, जेवताना तरी कान मिटा," असं धाकटा दीर एकदा म्हणाला. त्याचंही कार्ड झालं.

एका सोमवारी संपादकसाहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. गावातल्या भिंतींवर महिनाभर कुणीतरी पत्रकं चिकटवत होतं आणि त्यापायी दोन माणसांना उचलून नेलं होतं. ती अजून घरी परतली नव्हती. साहेब म्हणाले, "गुरुवारी एक अधिकारी येतील. 'गुप्त संघटना' या शब्दाची सगळी कार्डं बघणार आहेत. कायद्यासाठी अर्थ पक्का करायचाय म्हणे." एवढं बोलून ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या शब्दाची कार्डं अर्थवार बाईंनीच लावली होती. जागेवर येऊन त्यांनी ड्रॉवर ओढला. चौदा कार्डं. पहिला अर्थ सरळ होता: आपला हेतू आणि आपली माणसं लपवणारी, बहुधा शपथेनं बांधलेली मंडळी. पुढे वर्तमानपत्रांतली वाक्यं होती. ती लावताना बाईंच्या लक्षात आलं होतं की हा शब्द लोक दुसऱ्यालाच लावतात, गंभीरपणे स्वतःला कुणीच लावून घेत नाही. स्वतःला लावतात ते फक्त थट्टेनं. सासूच्या नकळत सिनेमाला जाणाऱ्या सुना, साहेबांच्या चोरून चहा पिणारे कारकून. या थट्टेच्या अर्थाखाली सातवं कार्ड होतं, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: "शनिवारी आमच्या गुप्त संघटनेची बैठक आहे, डबा जरा मोठा हवा." बोलणारा: धाकटा दीर. कुठे: आमचं स्वयंपाकघर. कधी: दोन वर्षांपूर्वीची तारीख.

आठ वर्षांचा असताना आईविना त्यांच्या पदराशी आलेला हा पोर. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, आणि या दिरामुळे त्याची खंतही फारशी उरली नाही. अशा पोराचा पत्ता त्यांनी आपल्याच हातानं सरकारी ड्रॉवरमध्ये लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुटांना पॉलिश करत होता तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "काय रे, ती तुमची शनिवारची बैठक असते, ती कसली?"

त्याचा ब्रश थांबला. "पत्ते खेळतो, वहिनी." मग बूट खाली ठेवून त्यानं विचारलं, "का हो?"

"काही नाही, आपलं असंच."

पत्ते खेळणाऱ्या माणसाचा ब्रश असा थांबत नाही. पुढचं त्यांनी विचारलं नाही, कारण खरं कळलं असतं तर ते लपवण्याचं बळ आपल्यात नाही, हे त्या ओळखून होत्या.

कार्ड फाडण्याची सोय नव्हती, प्रत्येकावर क्रमांक होता. मग बुधवारी, सगळे चहाला गेल्यावर, त्यांनी जुन्या गठ्ठ्यातलं एक पिवळट कोरं कार्ड घेतलं. वाक्य तेच, तारीख तीच, क्रमांक तोच. फक्त 'कोण' आणि 'कुठे' या ओळी बदलल्या. बोलणारे: भिंगकाका. कुठे: त्यांच्या घरी. भिंग लावून कार्डं वाचणारे हे सहकारी गेल्याच वर्षी वारले होते. मेलेल्या माणसाला कोण उचलून नेणार? जुनं कार्ड बाईंनी घरी चुलीत घातलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

गुरुवारी अधिकारी आला. मृदू आवाजाचा, नीटनेटका माणूस. त्यानं कार्डं एकेक करून वाचली, सुनांच्या सिनेमावर हसलासुद्धा. सातव्या कार्डावर मात्र त्याचं बोट थांबलं.

"हे कोण?"

"आमच्याकडेच होते," साहेब म्हणाले. "वारले बिचारे."

"अरेरे." त्यानं कार्ड पुन्हा वाचलं. "घरी कोण असतं त्यांच्या?"

"मुलगी. एकटीच असते. कपडे शिवते."

"म्हणजे डबा भरून देणारी तीच." त्यानं खिशातून वही काढली. "बैठकीला किती जण असतात ते तिला ठाऊक असेल. माणसं मोजल्याशिवाय डबा भरता येत नाही."

डबा मी भरला होता, हे शब्द बाईंच्या घशापर्यंत आले. पाच पोळ्या जास्त लाटल्या होत्या, तेही आठवलं. पण त्या शब्दांच्या मागोमाग पॉलिशचा ब्रश धरलेला तो पोर उभा राहिला आणि बाईंनी उघडा ड्रॉवर आत लोटला.

"तिचा पत्ता?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. काका वारले तेव्हा त्यांच्या घरी भेटायला कचेरीतून त्या एकट्याच गेल्या होत्या. मुलीनं त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं, निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली होती.

बाईंनी पत्ता सांगितला. जिना मागच्या बाजूनं आहे, हेही सांगितलं.