त्रेचाळीस अंशांच्या खोलीसाठी रेडिएटर

एका माणसाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज बसवायचं काम मी केलेलं आहे. तेव्हा तो माणूस जिवंत होता, एवढाच माझा बचाव.

बीटी कपाशी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवी नवी होती. बियाण्यांच्या कंपन्या गावोगाव मेळावे घेत. मंडप, हारतुरे, स्टेजवर पंधरा खुर्च्या आणि बसायला वीस मान्यवर. मी मलकापूरला लग्नांचं शूटिंग करायचो. मेळाव्याचं शूटिंग लग्नासारखंच असतं, फक्त नवरीच्या जागी बोंड असतं.

अशाच एका कंपनीने जाहिरातीसाठी जानेफळजवळच्या शेतात एक शेतकरी उभा केला. छातीइतकी कपाशी, डोक्यावर कंपनीने आणलेला फेटा. त्याने एवढंच म्हणायचं होतं, ‘आता अळीची भीती नाही, फवारणीची कटकट नाही, मी समाधानी आहे.’ पुण्याहून आलेले साहेब चौदा वेळा ‘पुन्हा’ म्हणाले. शेवटी तो शेतकरी म्हणाला, “साहेब, पाणी नाही आलं तं काय म्हणाचं, थे बी लिहून द्या.” साहेब सोडून सगळे हसले.

साहेबांनी गाडीत बसताना मला सांगितलं, “चेहरा चांगला आहे. आवाज गावठी आहे, तो बदला.” पुण्याच्या एका कलावंताचा भारदस्त आवाज आला. बारा दिवस खपून मी तो त्याच्या ओठांवर बसवला. इतका चपखल बसला की मी स्वतःवर खूश झालो. कंपनीच्या प्रचारगाडीने ती फिल्म बाजाराबाजारांत दाखवली.

दुसऱ्या वर्षी तो माणूस कपाशीवर औषध फवारून घरी आला, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. गाडी त्यानंतरही एक हंगाम फिरली. भर बाजारात, भज्यांच्या गाडीशेजारी, तो मेलेला माणूस भारदस्त आवाजात सांगत होता की फवारणीची कटकट नाही. मी एकदा ते उभं राहून पाहिलं. त्यानंतर गाडी यायची त्या दिवशी बाजाराला जाणं सोडलं.

दहाएक वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, त्याची बायको माझ्या दुकानाचा जिना चढून आली. पत्ता कुठून काढला कोण जाणे. पाणी प्यायली आणि म्हणाली, “भाऊ, पोरीचं लगन हाय, पंधरा दिवसावर. तुमच्यापाशी तिच्या बापाचा आवाज हाय का?”

मी म्हणालो, “फिल्मची सीडी आहे, ताई.”

“थे आमच्यापाशी बी हाय. थ्यात त्यायचा आवाज नाही. दुसराच कोणी बोलून राह्यला. पोरीले वाटते, बाप तसाच बोले. मी सांगून थकली. ती म्हणते, मा, तू इसरली असशीन.” मग तिने विचारलं, “मी इसरली का हो?”

“नाही,” मी म्हणालो. याहून जास्त सांगायचं धाडस झालं नाही.

मूळ टेपांवर मी केव्हाच दुसऱ्यांची लग्नं चढवली होती. पण त्या फिल्मचं काम जिच्यावर केलं ती जुनी हार्ड डिस्क कपाटात होती. पुसलेली, तरी पुसलेलं बरंचसं परत काढता येतं. डिस्क खरखर करत होती. जी काही मोजकी वेळा फिरणार, तेवढीच. तुकडे शोधून जोडायचं काम सलग चार-साडेचार तासांचं. मध्ये मशीन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत भरवशाची वीज असायची ती फक्त अकरा ते चार. बाकी वेळ एक तर भारनियमन, नाहीतर बल्बाची तार तेवढी लाल होईल इतका दाब. म्हणजे काम करायचं ते पत्र्याखालच्या खोलीत, ऐन दुपारी.

माझं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, पाण्याने थंड होणारं होतं. याचा मला अभिमान होता, आणि अभिमानाच्या वस्तू नेमक्या वेळी दगा देतात. चिपवरून पाणी फिरतं, उष्णता उचलतं, रेडिएटरच्या जाळीतून जातं, पंखे त्यावर हवा मारतात. रेडिएटर केवढा घ्यावा यावर मी इंटरनेटवर पुष्कळ वाचलं होतं. मोठमोठ्या गप्पा मारणारे लोक तिथे सांगत होते की एका पंख्याएवढी जाळी एका चिपला पुरते; जागा कमी असेल तर दाट पत्र्यांची, जाड घ्या. चार वर्षांपूर्वी मी तशीच मागवली होती. डिस्क लावली त्या पहिल्या दुपारी मशीन चाळीस मिनिटांत बंद पडलं. दुसऱ्या दुपारी तासाभरात. डिस्कची खरखर वाढली.

महामार्गावर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे एक चाचा होते. पांढरी दाढी, हाताला कायमचा झाळकामाचा वास. मी पिशवीतून माझी जाळी काढून दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली.

“हे कशाचं हाय? मोटरसायकलचं?”

“कॉम्प्युटरचं.”

“कॉम्प्युटरले रेडिएटर!” त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली. “अरे ये बे, पाय! यायचा कॉम्प्युटर घाट चढून राह्यला.”

पंक्चरवाला म्हणाला, “बुलढाण्याले घेऊन जा म्हणा, तिथं हवा थंड हाय.”

हसून झाल्यावर चाचांनी जाळी उन्हाकडे धरली आणि एक डोळा मिटला. मग माझ्या हातात दिली. “पाय. ऊन दिसते का यातून?”

दिसत नव्हतं. पत्र्यांमध्ये राखाडी नमदा बसला होता. माझ्या खिडकीसमोर जिनिंग आहे. हंगामभर उडणारी रुई मी चार वर्षं त्या पंख्यांना पाजत होतो. एका कोपऱ्यात पत्र्या पिवळ्या-लाल चिकटल्या होत्या. दर खंडेनवमीला आम्ही हत्यारांबरोबर मशीनही पुजतो, आणि बायको ओल्या बोटाने हळदकुंकू नेमकं जाळीवर लावते, कारण मशीनचा तोच भाग तोंडासारखा दिसतो.

“पूजा करा,” चाचा म्हणाले, “पण नाकात कुंकू नोका भरू. ज्यातून ऊन जात नाही त्यातून हवा काऊन जाईन? कापसाच्या गाड्यायले आम्ही दाट जाळी बसवतच नाही. इरळ घ्या. अन् मोठी घ्या.”

“किती मोठी?”

“तुमच्या खोलीत हवा कशी हाय?”

मशीन किती गरम होतं हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्यांनी हात हलवला. “मशीनचं नाही इचारत. हवेचं इचारतो. पाणी हवेपेक्षा थंड होत नसते, भाऊ. रेडिएटर म्हणजे फ्रीज नोहे.”

मी घरी येऊन भिंतीवर थर्मामीटर टांगला. दुपारी दोनला त्रेचाळीस. तेव्हा मला ते साधं गणित कळलं, जे चार वर्षं वाचून कळलं नव्हतं. पाणी पन्नासच्या वर गेलं की माझं मशीन मान टाकायचं. इंटरनेटवरच्या मंडळींच्या खोल्या पंचवीस अंशांच्या. त्यांना हवा आणि पाणी यांत पंचवीस अंशांची मोकळीक. मला सात. तीच उष्णता सात अंशांत बाहेर टाकायची तर त्यांच्या साडेतीन पट जाळी लागणार. आकडा चिपवरून निघत नाही, खोलीवरून निघतो. माझी उरलेली चूक अशी की जाळी मी मशीनच्या डब्याच्या आत, माथ्यावर बसवली होती, आणि ती डब्यातलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत होती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी भंगारातून मोटारीतल्या हीटरच्या दोन तांब्याच्या जाळ्या काढल्या. मलकापुरात मोटारीला हीटर ही चैन नाही, थट्टा आहे; गाडी दुरुस्तीला आली की लोक तो काढूनच टाकतात. चाचांनी दोन्ही उन्हाकडे धरून पाहिल्या, एकीच्या गळतीला डाग दिला, पाण्यात बुडवून फुंकून बुडबुडे तपासले. “माझी जुनी ॲल्युमिनियमची पण जोडू का?” मी विचारलं. ते म्हणाले, “तांबं अन् ॲल्युमिनियम एका पाण्यात नोका ठेवू, खातात एकमेकाले. अन् बोअरचं पाणी नोका भरू. बॅटरीचं भरा.”

मग त्यांनी विचारलं, “एवढं काय बनून राह्यलं त्या कॉम्प्युटरवर?”

मी सांगितलं. आवाज बदलल्याचंही सांगितलं. ते बराच वेळ हत्यारं पुसत राहिले. “मी पायली होती थे फिल्म, बाजारात,” ते म्हणाले. “मले तवाच वाटलं, हा माणूस असा नसन बोलत. हात कास्तकाराचे अन् जबान कलेक्टरची.” कामाचे पैसे विचारले तर म्हणाले, “आवाज निघाला तं सांगजा.”

दोन्ही जाळ्या मी डब्याबाहेर काढून खिडकीत उभ्या केल्या आणि मागे घरातला कूलर लावला, ताट्यांना नवा वाळा घालून. कूलरची हवा बत्तीस अंशांची होती. सात अंशांची मोकळीक अठरा झाली, जाळी दुप्पट झाली. बायको-मुलं चार दिवस कूलरशिवाय घामाघूम झाली. बायकोला कारण सांगितल्यावर तिने खिडकीला ओलं पोतंही बांधून दिलं.

अकराला सुरू केलं. पाणी छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि तिथेच थांबलं. मी आकड्याकडे पाहत बसलो. साडेतीनला तुकडे जुळले. वारा, लांब कुठेतरी पंपाची धडधड, साहेबांचं ‘पुन्हा’. आणि मग तो. त्याचा आवाज मी विसरलो होतो. पातळ, थोडा घोगरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू आल्यासारखा. मी बारा दिवस ज्याच्यावर माती टाकली होती तो हा.

मायलेकी लग्नाच्या तीन दिवस आधी आल्या. पोरगी अठरा-एकोणीसची, हाताला हळद अजून लागायची होती. शूटिंगच्या दिवशी ती आठ वर्षांची होती आणि चौकटीत शिरत होती म्हणून साहेबांनी तिला बाजूला करायला लावलं होतं. ते मला आठवत नव्हतं, पण डिस्कला आठवत होतं.

मी लावलं. पहिलं वाक्य संपताच पोरगी म्हणाली, “हे कोण बोलून राह्यलं?”

आईने पडद्याकडे बोट दाखवलं.

“मा, हे बाबा नाही. बाबाचा आवाज मोठा होता. मी किती खेप ऐकला.”

“तो आवाज मी बसवला होता, बेटा,” मी म्हणालो. “बाहेरून आणून. हा तुझ्या बापाचा आहे.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहू लागलो. एका अर्थी तिच्या बापाला मी दुसऱ्यांदा हिरावून नेत होतो, आणि त्या बदल्यात हा एक अनोळखी, घोगरा माणूस देत होतो.

“पुन्हा लावा,” आई म्हणाली.

मी पुन्हा लावलं. पोरगी पडद्याकडे नाही, जमिनीकडे पाहत होती. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा. चौदा वेळा समाधानी होऊन दमलेला तो माणूस मध्येच पाणी आलं नाही तर काय म्हणू, असं विचारत होता. आई दरवेळी तिथे हसत होती, आणि सहाव्यांदा डोळ्यांना पदर लावून हसली. त्यानंतर साहेबांचा आवाज यायचा, ‘त्या मुलीला बाजूला करा,’ आणि तो कॅमेऱ्याकडे पाठ करून म्हणायचा, “जाय वं माय, सावलीत बैस. ऊन लागन.”

चार वाजत आले होते. पोतं काढलेल्या खिडकीतून उन्हाची तिरीप जाळीवरून खोलीत येऊन पोरीच्या पाठीवर पडली होती. नवव्यांदा की दहाव्यांदा, नक्की आठवत नाही, तो म्हणाला, “जाय वं माय, सावलीत बैस,” आणि पोरीने मान वर न करता आपलं स्टूल हातभर भिंतीकडे सरकवलं.

मग वीज गेली. पंखे हळूहळू थांबले. नळीतलं पाणी थोडा वेळ आपोआप फिरत राहिलं.